मानसिक आजार असलेला आरोपी आणि कोर्टापुढचे तीन प्रश्न

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात पेशीची वाट बघत बसलेल्या लोकांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "डोक्याचा पेशंट आहे असं सर्टिफिकेट लावलं की सुटतो." खून असो की मारहाण, आरोपीच्या मानसिक आजाराचा विषय निघाला की ऐकणाऱ्याला त्यात पळवाटच दिसते. प्रत्यक्षात गोष्ट जवळपास उलटी आहे. मानसिक आजार असलेला गरीब माणूस फौजदारी यंत्रणेत शिरला, तर तो सहज सुटण्यापेक्षा वर्षानुवर्षं विसरला जाण्याचा धोका मोठा असतो. खटला चालत नाही म्हणून शिक्षा होत नाही, आणि शिक्षा झालेलीच नाही म्हणून ती संपतही नाही.

हे कसं घडतं आणि कायदा ते कसं रोखू बघतो, हे कळायचं असेल तर एक गोष्ट आधी पक्की करावी लागते. कोर्टापुढे प्रश्न तीन असतात. कृत्य घडलं त्या वेळी आपण काय करतोय हे त्या माणसाला कळत होतं का? आज खटला चालू असताना, आरोप समजून घेऊन वकिलाला माहिती देण्याच्या स्थितीत तो आहे का? आणि त्याला आत्ता कोणते उपचार हवेत, ते कुठे मिळतील? दहावीच्या पेपरच्या दिवशी मुलाला ताप होता का, आज आहे का, आणि औषध कोणतं द्यायचं, या तीन गोष्टी कुठलीही आई वेगळ्या ठेवते. मानसिक आजाराच्या बाबतीत मात्र पोलीस, नातेवाईक, वकील सगळेच त्या एकमेकांत मिसळतात. एकदा 'मनोरुग्ण' असा शेरा कागदावर पडला की तिन्ही उत्तरं त्या शेऱ्यातूनच काढली जातात.

पोलीस ठाण्यात काय व्हायला हवं

समजा, कामठीचा एक हमाल आहे. वय पस्तीस. त्याला प्रकाश म्हणू. माणूस काल्पनिक आहे. त्याच्या निमित्ताने कायदा टप्प्याटप्प्याने बघता येईल. प्रकाशला काही वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं, निदान झालं. मेयो या सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या. मग आई गेली, गोळ्या कोणी आणून द्यायच्या हा प्रश्न आला आणि त्या बंद पडल्या. एका रात्री तो रेल्वे स्टेशनबाहेर अनवाणी फिरताना, स्वतःशी जोरजोरात बोलताना आणि बंद दुकानांच्या शटरवर दगड मारताना सापडतो.

ठाणेदारापुढे सोपा रस्ता असतो तो म्हणजे काहीतरी कलम लावून लॉकअपमध्ये टाकायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम १०० वेगळं सांगतं, आणि ते ऐच्छिक नाही. मानसिक आजार असावा असं दिसणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस हद्दीत भटकताना आढळला, किंवा आजारामुळे त्याच्यापासून त्याला स्वतःला वा इतरांना धोका आहे असं वाटलं, तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणे प्रभाऱ्याचं कर्तव्य आहे. ही अटक नव्हे. कशासाठी नेत आहोत हे त्या माणसाला सांगायचं. लवकरात लवकर, आणि जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी न्यायचं. कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवायचं नाही. दाखल करण्याची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले तर पोलिसांनीच त्याला घरी पोचवायचं. बेघर असेल तर सरकारी निवाऱ्यात. शिवाय हरवलेल्या व्यक्तीचा एफआयआर नोंदवून घरच्यांचा शोध घेण्याची जबाबदारीही ठाण्याचीच.

या कलमाला पार्श्वभूमी आहे. एकेकाळी देशाच्या अनेक भागांत, काहीही गुन्हा नसलेले आजारी लोक 'दुसरी जागा नाही' म्हणून तुरुंगात ठेवले जात. पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की गुन्हा नसलेल्या मानसिक रुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदेशीर आहे, घटनाविरोधी आहे. तरीही शहरात कोणी मोठा पाहुणा येणार असला की 'रस्त्यावरचे वेडे उचला' अशी भाषा अजून कानावर येते. उचलण्याचं कायद्यात एकच कारण आहे, त्या माणसाला उपचाराची गरज असणं.

घरात होणाऱ्या छळालाही हीच जबाबदारी लागू होते. कलम १०१ नुसार घरात कोणाला डांबून ठेवलंय, उपाशी ठेवलंय, मारहाण होतेय असं समजलं तर ठाणेदाराने ताबडतोब मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं. शेजाऱ्याला हे ठाऊक असेल तर त्यानेही ठाण्यात सांगायला हवं, असं कायदा म्हणतो. आणि माणसाला साखळीने बांधणं तर कलम ९५ ने कुठल्याही स्वरूपात बंद केलं आहे. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ ला एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडात असलेल्या लोकांना पळता आलं नाही. त्यात २८ जणांचा जीव गेला. साखळीवरची बंदी ही केवळ सभ्यतेची अट आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्याने ही घटना आठवावी.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथेच

ताजबागच्या दर्ग्याला जाणाऱ्या नागपूरकरांना एक हकीकत माहीत असते. कामठीचे सूफी संत ताजुद्दीन बाबा यांना १८९२ साली नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आलं. तिथे त्यांनी सुमारे सोळा वर्षं काढली. १९०८ मध्ये नागपूरचे राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना बाहेर काढून शक्करदऱ्याला आपल्या महालात आणलं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला यात कायद्याची गोष्ट दिसते. तेव्हा १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा लागू होता. माणसाचं वागणं साहेबांना आणि समाजाला विचित्र वाटलं की तो आत जाई. बाहेर यायला त्याच्या मागे एखादा राजा उभा राहावा लागे. ज्यांच्यामागे कोणी राजा नव्हता ते आतच राहिले.

१८५८ नंतर १९१२ चा कायदा आला, मग १९८७ चा, आणि मग २०१७ चा, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे. या नव्या कायद्याचं कलम ३ सांगतं की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक, धार्मिक किंवा राजकीय चौकटीत कोणी बसत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनही नाही. आणि आजार आहे हे ठरलं, तरी कोर्टाने तसं जाहीर केल्याशिवाय तो माणूस कायद्याने 'अस्वस्थ मनाचा' ठरत नाही. छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, ज्याच्या जवळचा चौक रिक्षावाले अजून 'पागलखाना चौक' म्हणूनच सांगतात, ते १८६४ चं. रुग्णालय त्याच काळातलं असलं तरी आत पाऊल ठेवणाऱ्याचे हक्क आता पूर्ण वेगळे आहेत.

खटला थांबतो तेव्हा

आता प्रकाशकडे परत येऊ. समजा दगड शटरवर लागला नाही. तो एका चौकीदाराच्या डोक्याला लागला आणि चौकीदार दगावला. आता हा खुनाचा तपास आहे. अटक होते, मॅजिस्ट्रेटपुढे हजर केलं जातं, पीसीआर (पोलीस कोठडी) संपतो, मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), आणि प्रकाश वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी म्हणून पोचतो. कोर्टात नाव विचारलं तरी तो उत्तर देत नाही.

इथे दुसरा प्रश्न सुरू होतो : हा माणूस आज खटल्याला तोंड देऊ शकतो का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ ते ३७८ मध्ये याची पद्धत आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमं ३२८ ते ३३९ होती, त्यामुळे २०२४ च्या आधीच्या कागदांवर ते आकडे दिसतील. मॅजिस्ट्रेटला शंका आली तर तो आरोपीला सिव्हिल सर्जन किंवा सरकारने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवतो, आणि आजाराची शक्यता दिसली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. तो अहवाल मान्य नसेल तर वैद्यकीय मंडळाकडे अपील आहे.

आरोपी असमर्थ आहे असं ठरलं की पुढची पायरी येते. बरेच लोक तिथेच चुकतात. खटला लगेच पुढे ढकलायचा नसतो. आधी कोर्टाने, आरोपीला प्रश्न न विचारता, त्याच्या वकिलाचं ऐकून, नोंदलेला पुरावा बघायचा असतो. प्रथमदर्शनी केसच उभी राहत नसेल तर आरोपीला तिथेच मोकळं करायचं. एखाद्या माणसाला तो आजारी आहे म्हणून कमकुवत केसमध्ये अडकवून ठेवता येऊ नये, यासाठी ही तरतूद आहे. वकिलाने ती मागितली नाही तर ती झोपूनच राहते, हे माझं स्पष्ट मत आहे.

केस उभी राहत असेल तर उपचाराला लागेल तेवढ्या काळापुरता खटला थांबतो. या थांब्याच्या काळात प्रकाश कुठे राहील? कलम ३६९ वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. गुन्हा जामिनाचा असो वा नसो, आरोपीला भरती करून उपचार देणं गरजेचं नसेल आणि एखादा नातेवाईक किंवा मित्र 'मी याला नियमित ओपीडीत नेईन, तो स्वतःला वा कोणाला इजा करणार नाही हे बघीन' असं हमीपत्र देत असेल, तर कोर्टाने जामीन द्यायचा आहे. हमीदार नसेल किंवा जामीन देणं योग्य वाटत नसेल, तर जिथे नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवायचं.

अडचण आहे ती 'एखादा नातेवाईक किंवा मित्र' या शब्दांत. ज्याच्यामागे भाऊ आहे, भाऊजी आहे, वॉर्डातला कोणी जाणता माणूस आहे, त्याला ही वाट खुली. प्रकाशची आई गेलेली. त्याला ओळखणारे सगळे रोजीवर जगणारे. अशा माणसाची फाइल एका तारखेवरून पुढच्या तारखेवर जात राहते. 'आरोपी अनफिट' एवढा शेरा, आणि नवी तारीख.

ही भीती कल्पनेतली नाही. आसामातल्या मचांग लालुंग यांना १९५१ साली एका मारहाणीच्या आरोपावरून अटक झाली. पुढे त्यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं कळवलं. त्यानंतरही ते कोठडीतच राहिले, आणि सुटले २००५ मध्ये, चोपन्न वर्षांनी, खटला न चालताच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९६७ मध्येच मिळालं होतं. त्यावरून दुसरा प्रश्न पुन्हा विचारायला कोणालाच आठवलं नाही. त्याआधी १९८२ मध्ये वीणा सेठी प्रकरणात बिहारच्या हजारीबाग जेलमधले असेच कैदी सर्वोच्च न्यायालयासमोर आले होते. त्यांतले काही बरे होऊनही दशकं आतच होते.

कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की त्याला सोडावं, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश झाल्यावर, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. पण फाशी किंवा जन्मठेप असलेल्या गुन्ह्यांना ती लागू नाही. म्हणजे चोरी-मारहाणीत अडकलेल्या आजारी कैद्याच्या वकिलाने हे कलम जरूर वापरावं. प्रकाशला त्याचा उपयोग नाही.

कृत्याच्या वेळी काय कळत होतं

मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचार घेऊन प्रकाश सावरतो असं धरू. डॉक्टर 'फिट' म्हणतात, खटला पुन्हा सुरू होतो आणि आता पहिला प्रश्न येतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुनं भारतीय दंड विधानाचं कलम ८४. त्याचा अर्थ असा : कृत्य करताना, मनाच्या अस्वस्थतेमुळे, त्या कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक अथवा कायद्याविरुद्ध आहे हे समजायला जो असमर्थ होता, त्याचं ते कृत्य गुन्हा ठरत नाही. मुळात हा नियम १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या मॅकनॉटन खटल्यानंतर ठरला. तेव्हापासून मानसोपचारशास्त्र कुठल्या कुठे गेलं, कायद्याची कसोटी मात्र जवळपास तीच राहिली. यावर टीका होते आणि ती मला पटते. आजार फक्त समज घालवत नाही, माणसाचा स्वतःवरचा ताबाही घालवतो, आणि त्याला या कलमात जागा नाही.

म्हणूनच निदानाचा कागद असला तरी तो पुरत नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला अनेक वेळा बरं-वाईट नीट कळत असतं. सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलंय की वैद्यकीय आजार वेगळा आणि कायद्याला लागणारी असमर्थता वेगळी. 'सर्टिफिकेट लावलं की सुटतो' हे इथेच खोटं पडतं. सिद्ध करण्याचा भारही आरोपीवर आहे. मात्र १९६४ च्या दह्याभाई ठक्कर निकालाने त्या भाराचं वजन ठरवून दिलं : सरकारी पक्षाइतका निःसंशय पुरावा आरोपीने द्यायचा नाही, शक्यतेचं पारडं त्याच्या बाजूला झुकलं तरी पुरे.

झुकलेलं पारडं कसं दिसतं, ते महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात बघता येतं. १९९४ मध्ये एका पोलीस शिपायाने पोलीस क्वार्टरमध्ये आपल्या पत्नीच्या डोक्यात दगड घालून तिचा जीव घेतला. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला कलम ८४ चा लाभ दिला. कशाच्या आधारावर? वडिलांना मानसिक आजार होता. त्याचे स्वतःचे उपचार १९९२ पासून चालू होते, निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं होतं. घटनेनंतर जून ते डिसेंबर या काळात त्याला २५ वेळा उपचारासाठी न्यावं लागलं. खुनाचं कारण म्हणून जे सांगितलं गेलं, ते नोकरी सोडण्यावरून घरात असलेला मतभेद, इतकं तकलादू होतं. कृत्य दिवसाढवळ्या झालं. त्याने पळायचा किंवा काही लपवायचा प्रयत्न केला नाही. घटनेच्या नेमक्या क्षणी डॉक्टर तिथे नव्हता, कधीच नसतो. त्यामुळे आधीचं आणि नंतरचं वागणं, त्या दोन्हींमधून कोर्ट त्या क्षणाकडे बघतं.

या निकालात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते दवाखान्याचे कागद. ओपीडीचं कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी, सुट्टीचा कागद, तारखा. त्या नोंदी नसत्या तर उरलेल्या सगळ्या गोष्टी तोंडी राहिल्या असत्या. घरात मानसिक आजाराचा रुग्ण असेल तर हे कागद लाज वाटते म्हणून फाडू नका. एका पिशवीत घालून जपा.

आणि कलम २२ मध्ये निर्दोष ठरला म्हणजे तो माणूस त्याच संध्याकाळी बसस्टँडवर, असंही होत नाही. आरोपीने ते कृत्य केलं होतं की नाही हे कोर्टाला निकालात स्पष्ट लिहावं लागतं. केलं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ नुसार त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं किंवा हमी घेऊन नातेवाइकाच्या ताब्यात द्यायचं. चौकीदाराच्या घरच्यांना न्याय मिळाला का, हा प्रश्न इथे मनात येतोच, आणि तो टाळू नये. कर्ता माणूस गेलेल्या त्या घरासाठी नुकसानभरपाईची योजना कायद्यात आहे, आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. त्यांच्या दुःखाची भरपाई एका आजारी माणसाला न समजलेल्या कृत्यासाठी शिक्षा करून होईल, असं मला वाटत नाही.

जेलच्या आत

शिक्षा झालेला किंवा कच्चा, कुठल्याही कैद्याला जेलमध्ये मानसिक आजार होऊ शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०३ सांगतं की अशा कैद्याला जेलच्या वैद्यकीय विभागातल्या मानसोपचार वॉर्डात ठेवावं. तसा वॉर्ड नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या कायदेशीर मंडळाच्या, परवानगीने मनोरुग्णालयात. प्रत्येक राज्यात किमान एका जेलमध्ये अशी सोय उभारणं सरकारवर बंधनकारक आहे. जेलच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी मंडळाला लिहून द्यायचं असतं की इथे मानसिक आजाराचा एकही कैदी नाही. मंडळ स्वतः जेलमध्ये जाऊन 'मग हा इथे का?' असं विचारू शकतं. कागदावर हे फार ताकदवान आहे. मंडळं किती सक्रिय राहतात, त्यांवरच्या जागा वेळेवर भरल्या जातात की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

नागपूरच्या जेलची आणखी एक ओळख आहे. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय येरवडा आणि नागपूर अशा दोनच ठिकाणी आहे. फाशी सुनावलेल्या माणसाच्या मनावर वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेने काय परिणाम होतो, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात घेतली. मानसिक आजार हे फाशी जन्मठेपेत बदलण्याचं कारण ठरू शकतं असं सांगितलं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, दोषी ठरल्यानंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही शिक्षा कमी करायला आधार होऊ शकतो असं ठरलं. त्या निकालात न्यायालयाने कैद्याचं नावच लिहिलं नाही. आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क, कलम २३, फाशीच्या कैद्यालाही आहे. बातमीदारांनी हे जरूर लक्षात घ्यावं. कलम २४ नुसार मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

बरा झाला, पण घर नाही

उपचार संपल्यावर समाजात राहणं हा हक्क आहे, कलम १९. कुटुंब नाही किंवा कुटुंब नको म्हणतं, एवढ्या कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. सरकारने मधल्या निवाऱ्यांची, ज्यांना हाफवे होम म्हणतात, सोय करायची आहे. ती अपुरी आहे. बरे झालेले रुग्ण आपल्या राज्यातल्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं अडकून असल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. काही रुग्णांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवण्याचा उपाय महाराष्ट्रात झाला, तो २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याविरुद्ध ठरवून थांबवायला सांगितला.

आत्महत्येच्या प्रयत्नाविषयी थोडक्यात. जुन्या कलम ३०९ चा गुन्हा नव्या संहितेत, १ जुलै २०२४ पासून, राहिलेला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरायचं आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची. मात्र सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न न्याय संहितेच्या कलम २२६ खाली आजही गुन्हा आहे. हिवाळी अधिवेशनात विधानभवनासमोर अंगावर रॉकेल ओतून घेणाऱ्या हताश माणसासाठी हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.

मानसिक आजार असलेला माणूस आरोपी म्हणूनच कोर्टात येतो असं समजणं तर फार अन्यायाचं आहे. ते पीडित असतात, साक्षीदार असतात. 'तिचं डोकं ठिकाणावर नाही, तिचं काय ऐकता' म्हणून तक्रार परत पाठवता येत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ नुसार, विचारलेला प्रश्न समजून नीट उत्तर देता येत असेल तर आजारी माणूस सक्षम साक्षीदार आहे. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी स्त्री मानसिकदृष्ट्या विकलांग असेल, तर तिची तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या उपस्थितीत नोंदवायची आणि तिचं चित्रीकरण करायचं असतं.

घरच्यांनी करायचं ते

अटक झाल्याचं कळताच पहिल्याच रिमांडला वकिलामार्फत आजाराची माहिती कोर्टाला लेखी द्या, सोबत औषधाच्या चिठ्ठ्या जोडा. 'नंतर बघू' म्हटलं की नंतरच्या प्रत्येक टप्प्यावर 'आधी का नाही सांगितलं' हा प्रश्न येतो. जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही चालू गोळ्यांची यादी लेखी कळवा आणि पोच घ्या. गोळ्या अचानक थांबल्या की आजार उसळतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच आहे. कोठडीतल्या किंवा मनोरुग्णालयातल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर १५१००. आजाराविषयी बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

मनोरुग्णालयात मर्जीविरुद्ध ठेवलंय असं वाटत असेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जा. तिथे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे असतात, आणि सहा जणांपैकी दोन सदस्य स्वतः आजार अनुभवलेले, रुग्णाची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे असतात. अर्ज रुग्ण स्वतः करू शकतो, त्याने नेमलेला प्रतिनिधी करू शकतो, त्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्था करू शकते. फी नाही. विशेष परिस्थितीत आत असलेल्या माणसाचं तोंडी किंवा फोनवरचं म्हणणंही मंडळ अर्ज म्हणून स्वीकारू शकतं. पहिल्या तीस दिवसांच्या भरतीविरुद्धचा अर्ज सात दिवसांत निकाली काढायचा असतो. मंडळाचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येतं, आणि विदर्भातल्या माणसासाठी ते न्यायालय सिव्हिल लाइन्समध्येच आहे.